नर्तकाच्या चित्रात नाच दिसायलाच हवा का? वेरेफकिन यांच्या ‘साखारोफ’विषयी

रंगपेटी (धागाकर्ता)
चित्रकार मारियाने वेरेफकिन यांनी १९०९ मध्ये रंगवलेले नर्तक अलेक्झांडर साखारोफ याचे चित्र आज स्वित्झर्लंडमध्ये आस्कोनाला आहे. वेरेफकिन जन्माने रशियन. पण त्यांचे बालपण बऱ्याच अंशी विल्न्यूसमध्ये गेले, कुटुंबाची जहागीर आजच्या लिथुआनियातील उतेनाजवळ होती, आणि १९१४ मध्ये त्यांनी विल्न्यूसमधली पोलीस चौकीही रंगवली. म्हणून लिथुआनिया त्यांना आपले मानतो, आणि ते मला योग्यच वाटते. या चित्रात निळ्या छटांचे राज्य आहे, चेहरा फिकट आहे आणि नजर तिरकी. उडी नाही, गिरकी नाही. तरीही नर्तकाचे चित्र म्हणून मला ते फ्रेंच चित्रकार देगाच्या रंगमंचावरील नर्तिकांपेक्षा अधिक खरे वाटते, कारण साखारोफचा भर वेगावर नव्हताच. तो आधी पॅरिसमध्ये चित्रकला शिकला होता, आणि ग्रीक कलशांवरील आकृती व रेनेसाँ काळातील चित्रे पाहून त्याने आपल्या मुद्रा घडवल्या होत्या.

घुंगरू
असहमत. शीर्षक झाकून हे चित्र कोणालाही दाखवा. समोर नर्तक आहे हे त्याला कळणार नाही. नट म्हणेल, कवी म्हणेल, फार तर रात्रभर जागलेला श्रीमंत तरुण म्हणेल. चित्राचे काम शीर्षकाने करायचे आणि श्रेय मात्र चित्राला द्यायचे, हा व्यवहार मला पटत नाही. देगाच्या ‘लेत्वाल’ (म्हणजे ‘तारका’) या चित्रामध्ये नर्तिका वरच्या कोनातून एका पायावर तोललेली दिसते, मागे विंगेत काळ्या पोशाखातला पुरुष उभा आहे, आणि त्या एका क्षणात तोल, भीती आणि तिच्यावर असलेली दुसऱ्याची सत्ता हे सगळे येते. तिथे शीर्षकाची गरज पडत नाही.

तैलरंग
देगाचे उदाहरण तुमच्यावरच उलटते. त्याच्या कितीतरी चित्रांत नर्तिका नाचत नाहीत. त्या बाकावर बसून पाय चोळतात, बुटांच्या फिती बांधतात, जांभया देतात. तरीही त्या नर्तिकाच आहेत, कारण थकव्यातही शरीराला पडलेले वळण जात नाही. दुसरे असे, की वेरेफकिन आणि साखारोफ म्युनिकमधल्या ज्या कलाकारांच्या वर्तुळात वावरत, तिथे रंग आणि हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी मानल्याच जात नव्हत्या. त्याच वर्तुळातल्या चित्रकार कांडिन्स्कीने पुढे सांगितलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: संगीतकाराने एक जलरंगचित्र निवडून त्यावरून वाजवायचे, नर्तकाने केवळ ते संगीत ऐकून नाचायचे, आणि शेवटी मूळ चित्र कोणते ते ओळखून दाखवायचे. हा नर्तक साखारोफच होता. त्या निळ्याला नुसती पार्श्वभूमी समजून पुढे जाणे मला घाईचे वाटते.

घुंगरू
त्या प्रयोगात साखारोफ नाचला, हे आपण सोयीस्करपणे विसरता आहात. चित्र ते संगीत आणि संगीत ते नाच असा तो प्रवास होता. वेरेफकिन यांच्या चित्रात शेवटचा टप्पाच गाळलेला आहे.

काजळी
दोघेही हालचाल आकृतीत शोधता आहात. ती कुंचल्याच्या फटकाऱ्यात शोधून पाहा. आजचे लिथुआनियन चित्रकार योनास गासियूनास मेणबत्तीच्या धुराने कॅनव्हासवर आकृती काढतात. आकृती स्थिर असली तरी ज्योत धरलेला हात कुठे रेंगाळला आणि कुठे झरकन सरकला, हे त्या काजळीत उमटून राहते. म्युनिकच्या त्याच वर्तुळातल्या चित्रकार यावलेन्स्कीने १९०९ मध्येच रंगवलेला साखारोफही असाच आहे: लाल पोशाख, पांढरा रंगवलेला चेहरा, काजळाने कोरलेले डोळे. तो वेशभूषा करून आलेला असताना हे चित्र अर्ध्या तासाच्या आत झाले, आणि यावलेन्स्की पुन्हा त्यावर हात फिरवेल या धास्तीने साखारोफ ते ओलेच घेऊन गेला, असे सांगतात. ती घाई रंगात दिसते. त्याशेजारी वेरेफकिन यांचे टेम्परा या लवकर सुकणाऱ्या रंगांतील चित्र मला फार विचार करून केलेले, म्हणून थोडे थिजलेले वाटते. म्हणजे निष्कर्षापुरता मी घुंगरू यांच्या बाजूचा, कारणांपुरता नाही.

उंबरठा
एक मुद्दा सुटतो आहे. वेरेफकिन यांनी स्वतःविषयी लिहून ठेवले आहे, की आपण ना पुरुष, ना स्त्री, आपण केवळ आपण आहोत. रंगमंचावर स्त्री-पुरुष ही सीमा पुसणारा साखारोफ त्यांनी रंगवला तो याच जवळिकीतून. यावलेन्स्कीला दिसला तो त्याचा वेश. वेरेफकिन यांना दिसला तो आपल्यासारखा माणूस.

रंगपेटी
उंबरठा यांचे म्हणणे अर्धे मान्य. ती जवळीक होतीच. पण केवळ तिच्यातून चित्र उलगडू लागलो, तर साखारोफ बाजूला पडतो आणि चित्र वेरेफकिन यांचे आत्मचरित्र होऊन बसते. घुंगरू यांच्यासाठी एक तारीख मात्र महत्त्वाची आहे. साखारोफने म्युनिकच्या ओडेऑन सभागृहात रसिकांपुढे नृत्य केले ते १९१० मध्ये. चित्र त्याच्या आधीचे आहे. वेरेफकिन यांनी नावाजलेल्या नर्तकाचा गाजलेला प्रवेश रंगवलेला नाही. आपल्या बैठकीत रोज येणारा, अजून स्वतःला घडवणारा तरुण रंगवला आहे. अशा वेळी पुढच्या वर्षीची उडी आधीच दाखवण्याची अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

घुंगरू
तारीख मान्य, पण मग त्याला ‘नर्तक’ म्हणण्याची घाई कोणी केली, याचे उत्तरही द्यावे.