दोनच कॉर्ड, तरी ‘अमेरिका’सारखं का वाजत नाही?

तिहाई :
मंडळी, ‘अमेरिका’ बँडचं ‘अ हॉर्स विथ नो नेम’ बसवतोय. दोन सहातारी गिटारी, एक बारातारी आणि बाँगो. जिथे पाहावं तिथे एकच लिहिलेलं सापडतं : ई मायनर आणि डी, झालं गाणं. पण तसं वाजवलं की शाळेच्या सहलीतलं शेकोटीगीत होतं. रेकॉर्डवर जो मोकळेपणा आहे तो येत नाही. कॉर्ड चुकताहेत, स्ट्रमिंग चुकतंय की गिटारींतच काही खोट आहे? बारातारी सुरात राहत नाही ते वेगळंच. सगळी वाद्यं रत्नागिरीत आहेत, तेव्हा हवेचंही सांगा. त्यांच्याच ‘व्हेंचुरा हायवे’बद्दलही काही असेल तर हवंय.

पांढरी_तीन :
साधा डी आधी काढून टाका, निम्मं काम तिथेच होईल. ती कॉर्ड डी सिक्स-नाइन आहे आणि डीपेक्षा सोपी आहे. सहाव्या (जाड) तारेवर दुसरा फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांतलं घर), तिसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट, बाकी चारही तारा मोकळ्या.

आता ई मायनर धरून हाताकडे बघा. मधलं बोट पाचव्या तारेवर, अनामिका चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटवर. तिथून मधलं बोट एक तार वर जाड तारेकडे आणि अनामिका एक तार खाली पातळ तारांकडे. दोन बोटं एकमेकांपासून एकेक तार लांब गेली, फ्रेट तोच राहिला, की दुसरी कॉर्ड तयार. मनगट जागचं हलायला नको. हमखास चूक म्हणजे मधलं बोट आडवं पडतं आणि पाचवी तार मुकी होते. एकेक तार सुटी छेडून तपासा.

मोकळेपणा येतो तो पहिल्या दोन तारांमधून. ई आणि बी या तारा दोन्ही कॉर्डमध्ये मोकळ्याच राहतात. सा पांढरी तीन (म्हणजे ई) धरला तर ते सा आणि प झाले, म्हणजे तानपुरा चालू राहिला आणि खाली फक्त जमीन बदलली. साधा डी लावला की त्याच दोन तारांवर एफ शार्प आणि डी येतात आणि तानपुरा बंद पडतो. तुमची शेकोटी पेटते ती इथे.

आणखी एक गंमत. दोन्ही कॉर्डमधले सगळे सूर गोळा केले तर सा रे, कोमल ग, म प आणि कोमल नी एवढेच मिळतात. धैवत कुठेच नाही, ना कोमल ना शुद्ध. त्यामुळे कान कुठल्याच थाटावर पक्का बसत नाही आणि ते अधांतरी वाटणं टिकून राहतं. हौसेने मध्येच सी किंवा ए मेजर घालू नका. सीने कोमल धैवत येतो, ए मेजरने शुद्ध, आणि लगेच गाणं कुठल्या तरी गावाला पोचतं.

चार मात्रा एक कॉर्ड, चार मात्रा दुसरी, शेवटपर्यंत. लय मिनिटाला १२०च्या जरा वर. उजवा हात आठही अर्धमात्रांवर खाली-वर फिरत ठेवा, पण सगळ्या तारांना लावू नका. खाली येताना वजन जाड तारांवर, वर जाताना फक्त पातळ तीन तारांवर.

खुंटीपिळ्या :
वरच्याशी सहमत. भर घालतो बारातारीची, कारण रेकॉर्डवर जी चकाकी ऐकू येते ती तिची.

ई मायनर चालू असताना दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर बारातारी पहिल्या जोडीवर दुसरा फ्रेट घेते, म्हणजे एफ शार्प. पांढरी_तीन यांच्या भाषेत शुद्ध रिषभ. करंगळी तिथे टेकवायची आणि उचलायची, बाकीची बोटं तशीच. हे एका गिटारीवरच ठेवा. तिघांनीही केलं तर एफ शार्प कायमचा बसून राहतो आणि मात्रेचा ठोका जातो. शिवाय बारातारीने जाड दोन जोड्या शक्यतो वाजवूच नयेत. डी सिक्स-नाइनमधला जाड तारेवरचा एफ शार्प तीन गिटारींवर एकदम आला की नुसता घुमारा उठतो. तो सूर एका सहातारीला द्या.

सुरात राहत नाही, त्याचं. बारातारीत पहिल्या दोन जोड्या एकाच सुराच्या, बाकी चार जोड्यांत एक तार सप्तक वर. ‘दहाचा सेट’ म्हणतात त्यात जाडी अशी असते : ०.०१०ची जोडी, ०.०१४ची जोडी, मग ०.०२३ आणि ०.००८, ०.०३० आणि ०.०१२, ०.०३९ आणि ०.०१८, शेवटी ०.०४७ आणि ०.०२७ इंच. यातली ०.००८ची, तिसऱ्या म्हणजे जी सुराच्या जोडीतली बारीक, सगळ्यात आधी तुटते. ती शेवटी चढवा, पाव-पाव फेऱ्याने, आणि नटच्या (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत शिसपेन्सिल घासा. खुंटी पिळताना ‘टिक’ असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर तार खाचेत अडकते आहे, खुंटीत दोष नाही.

या सेटचा एकूण ताण सहातारीच्या लाइट सेटच्या सुमारे दीडपट असतो. म्हणून अख्खं वाद्य एक पूर्ण स्वर खाली लावा (जाड तार डी) आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) घाला. ताण साधारण २० टक्क्यांनी उतरतो, पट्टी तीच राहते, बोटंही तीच. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे टेकवून लावा आणि लावल्यावर जोड्या पुन्हा जुळवा. जाड-बारीक जोडीत जाड तार जास्त दबते आणि चढते.

वाळूघड्याळ :
एक दुरुस्ती. रेकॉर्डवरची गिटार साध्या ट्यूनिंगमधली (तारांच्या नेहमीच्या जुळणीतली) नाही. बँडमधल्या गेरी बेकलीने स्वतः सांगितलेलं ट्यूनिंग जाड तारेकडून डी ई डी जी बी डी असं आहे, आणि तेही याच गाण्यापुरतं.

पांढरी_तीन :
बरोबर. पण तिहाई, तिन्ही गिटारींना त्यात ओढू नका, एकच सहातारी तशी लावा. त्या ट्यूनिंगमध्ये फक्त तिसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट धरून बाकी सगळं मोकळं सोडलं तर सूर येतात डी, ई, ए आणि बी. एका बोटात सिक्स-नाइनचा रंग. ई मायनरसाठी सहावी, चौथी आणि पहिली तार दुसऱ्या फ्रेटवर.

अडचण पाचव्या तारेची. ए वरून ई म्हणजे पाच अर्धस्वर खाली, ती लोंबते आणि फ्रेटवर आपटते. तिच्या जागी नेहमीच्या सेटमधली सहावी तार (०.०५३) बसवा, ती ईसाठीच बनलेली असते. नटची खाच अरुंद असेल तर तार वरच बसेल. कायमची खाच कोरू नका, दुसरा नट करून घ्या.

डोंगरवाट :
विषयाला फाटा फोडतो. ‘अमेरिका’तल्या डूई बनेल, गेरी बेकली आणि डॅन पीक या तिघांचे वडील अमेरिकी हवाई दलात, नेमणूक इंग्लंडमध्ये. पोरं लंडनजवळ बुशीच्या शाळेत भेटली. वाळवंटाचं हे गाणं बनेलने इंग्लंडातच रचलं, आणि त्याचा कच्चा मसुदा डॉर्सेटमधल्या पडलटाउनला रेकॉर्ड झाला. आठवण लहानपणची, वडील कॅलिफोर्नियात व्हॅन्डेनबर्ग तळावर असताना ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोतून केलेल्या प्रवासांची. पहिल्या अल्बमच्या १९७१च्या आवृत्तीत हे गाणं नव्हतं, ते गाजल्यावर आत घातलं. मार्च १९७२मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आलं ते नील यंगच्या ‘हार्ट ऑफ गोल्ड’ला खाली ढकलून, आणि बरेच जण हाही नील यंगच गातोय असं समजले! काही रेडिओ केंद्रांनी वाजवायला नकार दिला, कारण तिकडच्या बोलीत ‘हॉर्स’ म्हणजे हेरॉइन.

‘व्हेंचुरा हायवे’ त्याच वर्षीच्या ‘होमकमिंग’ अल्बममधलं. तिथे जादू दोन गिटारींची आहे. बेकली आणि पीक एकच ओळ दोन वेगवेगळ्या सुरांवरून, जोडीने वाजवतात. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर आणि बोटं एफ मेजर सेव्हन, सी मेजर सेव्हन, की मूळ पट्टी मिळते. एकट्याने दोन्ही ओळी ओढू नका, लय जाते.

तिहाई :
दोन बोटांची युक्ती लगेच लागू पडली, डी कायमचा बंद. बारातारी खाली उतरवून कॅपो लावला, जोड्या बऱ्याच टिकतात. पण आता बाराव्या फ्रेटच्या पुढे तारा फार उंच वाटतात. जाड तारेखाली ३.२ मिमी मोजले. ट्रस रॉड (मानेचा बाक बदलणारी आतली सळई) पिळू का?

खुंटीपिळ्या :
थांबा. बिननावाच्या घोड्याआधी घोडी तपासा! बारातारीत ताणाने घोडी (वरच्या फळीवर चिकटवलेला ब्रिज) मागून उचलली जाते. साधा कागद घेऊन घोडीच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. आत गेला तर तारा सैल करून कारागिराकडे, घरी फेविकॉल नको.

कागद जात नसेल तर मानेचा बाक मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो, जाड तार चौदाव्या फ्रेटवर दाबा, सातव्याच्या आसपास तार आणि फ्रेट यांत ०.२ ते ०.२५ मिमी फट हवी. व्हिजिटिंग कार्ड सैल जात असेल तर बाक जास्त आहे. तेव्हाच ट्रस रॉड, तोही तारा ढिल्या करून पाव फेरा घड्याळाच्या दिशेने, मग तारा चढवून एक दिवस वाट.

बाक ठीक आणि तरी ३.२ असेल तर दोष पावसाचा. कोकणात जुलैमध्ये लाकूड ओल पितं, वरची फळी घोडीपाशी फुगते आणि तारा उचलल्या जातात. अखंड लाकडाच्या फळीला हे जास्त, प्लायच्या फळीला कमी. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २.४ आणि पातळ तारेखाली १.८ च्या आसपास आलं की पुरे. त्यासाठी सॅडल (घोडीवरची, तारा टेकतात ती पट्टी) बुडाकडून घासावं लागतं, आणि बाराव्यावर अर्धा मिमी उतरायला सॅडलचा एक मिमी जातो. पण मूळ सॅडल घासू नका. जानेवारीत फळी सुकून बसली की हीच गिटार फरफरेल. पावसाळ्याचं एक ठेंगणं सॅडल वेगळं करून केसमध्ये ठेवा, मूळचं हिवाळ्याला.

केसमध्ये निळी सिलिका जेल, कापडी पुरचुंडीत. गुलाबी झाली की १२० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये, निळी होऊन परत आत. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली पाहिजे. छोटा मीटर केसमध्येच टाका, कारण खोलीत ८५ असताना केसमध्ये ५० असू शकते.

तिहाई :
कागद आत जात नाही, फट ०.२. म्हणजे सॅडलच. गाणाऱ्या ताई मात्र पांढरी तीनवर खर्जात अडकतात, त्यांना काळी तीन (एफ शार्प) हवीय.

पांढरी_तीन :
सहातारींना दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, बारातारीचा दुसऱ्यावरून चौथ्यावर. बोटं सगळ्यांची तीच. डी ई डी जी बी डी लावलेल्या गिटारीलाही दुसराच फ्रेट, फक्त कॅपो लावल्यावर तिची ती जाड पाचवी तार आधी जुळवा, दाबाने ती चढते.