कोणत्या सायन्स फिक्शन मालिकेने तुमच्या घरात दोन तट पाडले? अनुभव सांगा

गिरणाकाठ, जळगाव

मंडळी, मागच्या रविवारी गावाहून वडील आलेले आणि लेक लॅपटॉपवर स्टार ट्रेकची नेक्स्ट जनरेशन बघत होती, १९८९ चा तो कोर्टाचा भाग, मेझर ऑफ अ मॅन. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डेटा नावाचा यंत्रमानव अंतराळ दलाच्या जहाजावर अधिकारी आहे, एका शास्त्रज्ञाला त्याला खोलून बघायचंय, डेटा राजीनामा देतो तर त्याला सांगतात की तू दलाची मालमत्ता आहेस, मालमत्तेला राजीनामा देता येत नाही. सुनावणी लागते आणि त्याच्याविरुद्ध बाजू मांडायचं काम त्याच्याच दोस्तावर, रायकरवर येतं. त्याने कुचराई केली तर निकाल तसाच डेटाच्या विरुद्ध जाणार, म्हणून तो बिचारा जीव तोडून लढतो, भर सुनावणीत डेटाचा हात काढून दाखवतो आणि मग त्याचं बटणच बंद करतो.

वडील बाजूला शेंगा सोलत बसलेले. त्यांना इंग्रजी कळत नाही, लेक सांगत होती तेवढंच. बटण बंद झालं तसे ते थांबले आणि म्हणाले, "त्यामा जीव शे का नई?" लेक म्हणाली तेच तर ठरवताहेत आजोबा. मग बराच वेळ गप्प. आणि मग एकदम बैलाचा विषय निघाला, दुष्काळाच्या साली म्हातारा झालेला बैल त्यांनी गुरांच्या बाजारात विकला होता, ज्याला पोळ्याला आम्ही पुरणपोळी भरवायचो तो. इतक्या वर्षांत हा विषय त्यांनी घरात काढलेला मला आठवत नाही. लेक म्हणे विकायला नको होता, मी म्हटलं मग त्या वर्षी खायचं काय, आणि रात्री अकरापर्यंत तेच चाललं.

तेव्हापासून डोक्यात आहे की हे आपल्या रोजच्या मालिकांत का होत नाही. तिथे वाईट कोण ते पहिल्याच दिवशी काजळावरून कळतं. इथे अंतराळ, यंत्रं सगळं परकं असतं म्हणून आपण आपली जात, पार्टी, भाऊबंदकी दाराबाहेर ठेवून विचार करायला बसतो आणि मग कळतं की हा आपल्याच ओट्यावरचा प्रश्न आहे. तर येऊ द्या तुमचे अनुभव. शेवट फोडला तरी चालेल.

कंट्रोलवाला, भुसावळ

रेल्वेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच नाईट. मुलाने बॅटलस्टार गॅलॅक्टिका लावून दिली, २००४ पासूनची. पहिल्याच भागाचं नाव ३३. वाचलेली माणसं अंतराळ जहाजांच्या ताफ्यातून पळताहेत, शत्रू दर ३३ मिनिटांनी हल्ला करतो, पाच दिवस कोणी झोपलेलं नाही. मग लक्षात येतं की एक प्रवासी जहाज मागे राहिलं तेव्हा हल्ले थांबले आणि ते परत आलं की सुरू झाले. जहाजावर तेराशेच्या वर माणसं. पाडायचं का? पाडतात. आणि आत माणसं खरंच होती की नव्हती हे आपल्याला पक्कं सांगतच नाहीत. शेवटी राष्ट्राध्यक्षबाई फळ्यावरचा जिवंत माणसांचा आकडा एकाने वाढवतात, कारण कुठेतरी बाळ जन्मलंय. तिथे मला रडू आलं, खरं सांगतो. झोप नसलेल्या माणसाने पहाटे घेतलेला निर्णय काय असतो ते मला माहिती आहे, हातात अर्धी माहिती आणि घड्याळ पुढे चाललेलं. माझ्या हातून कुणाचं बरंवाईट झालं नाही ही देवाची कृपा. बायको म्हणाली पाडायला नको होतं, आणखी तेहतीस मिनिटं थांबायचं. मी अजून म्हणतो, पाडायलाच हवं होतं.

शाळामास्तरीण, नंदुरबार

मी टॉर्चवुडचा चिल्ड्रन ऑफ अर्थ सांगते, बीबीसीचा २००९ चा, फक्त पाच भाग. परग्रहावरचे येतात आणि जगातली दहा टक्के मुलं मागतात. त्यातलं सगळ्यात भयंकर काय असेल तर ते परग्रहवासी नाहीत, मंत्रिमंडळाची मीटिंग आहे. चहापाणी चाललेलं, आवाज कुणाचा चढलेला नाही, आणि मुलं निवडायची कशी यावर चर्चा. आधी ठरतं आपली मुलं यात नकोत. मग कुणीतरी सुचवतं की शाळांच्या निकालांची यादी आहेच, सगळ्यात खालच्या शाळांची मुलं घ्या.

मी लॅपटॉप बंद केला आणि अंगणात जाऊन उभी राहिले. कारण 'खालच्या' मुलांची यादी मी स्वतः केलेली आहे. एका शाळेत होते तेव्हा तपासणीच्या दिवशी कच्ची मुलं घरी ठेवा असा तोंडी निरोप आला होता आणि मी सात नावं लिहून दिली, सातही पाड्यावरची. त्यातली एक मुलगी दुसऱ्या दिवशी विचारत होती, बाई काल शाळा का नव्हती? मी तिला सुट्टी होती म्हणून सांगितलं.

यंत्रं, स्पेशल इफेक्ट यांच्यासाठी कुणी हे बघत असेल तर बघो. मी त्या मीटिंगसाठी बघते.

पारोळ्याची

माझं लहानसंच. स्मॉल वंडर आठवते का, नव्वदच्या दशकात हिंदीत लागायची? त्यातली विकी, रोबोट मुलगी. रात्री तिला कपाटात ठेवायचे. तेव्हा आम्ही खूप हसायचो. वरचं डेटाचं वाचलं आणि ते कपाट आठवलं, तिला कुणी विचारलं होतं का.

चोपड्याचा, सध्या पुणे

थोडं वेगळं मत. नुसता पेच टाकला म्हणजे नाटक होत नाही. स्टार ट्रेकच्याच व्हॉयेजर मालिकेतला १९९६ चा ट्युविक्स घ्या. अपघातात दोन माणसं मिसळून एक तिसराच माणूस तयार होतो, त्याला जगायचंय, हातापाया पडतो, आणि कॅप्टन त्याला परत फोडून जुने दोघं मिळवते. भाग जबरदस्त, पण पुढच्या भागापासून सगळं सुरळीत, जणू काही घडलंच नाही. मला हे पटत नाही. टीव्हीची ताकदच ही आहे की सिनेमासारखं दोन तासांत उठून जाता येत नाही, ज्याने चूक केली तो पुढच्या आठवड्यात परत तुमच्या समोर येऊन बसतो. डीप स्पेस नाईनचा, तीही स्टार ट्रेकच, १९९८ चा इन द पेल मूनलाईट बघा. तिथला प्रमुख सिस्को चांगला माणूस, पण युद्ध हरत चाललंय, म्हणून तो खोटा पुरावा बनवतो, दुसऱ्या एका साम्राज्याला युद्धात ओढतो, त्यात खून पडतात. हे सगळं तो थेट कॅमेऱ्याकडे बघून सांगतो आणि शेवटी ती नोंदच पुसून टाकायला लावतो. म्हणजे आता हे त्याला माहिती आणि आपल्याला माहिती. त्यानंतरच्या प्रत्येक भागात तो हसला की मला ते आठवायचं.

धुळे, देवपूर

लिहू की नको करत होते. ब्लॅक मिररचा बी राईट बॅक, २०१३ चा. एकीचा जोडीदार अपघातात जातो, ती त्याचे मेसेज, आवाज एका कंपनीला देते आणि तो बोलायला लागतो, मग तर हुबेहूब शरीरच घरी येतं. आमचे हे गेले २०२१ मध्ये. त्यांच्या व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट माझ्याकडे आहेत, साध्याच, कोथिंबीर आणू का, उशीर होईल वगैरे. तो भाग मी सासूबाईंबरोबर बघितला, अहिराणीत सांगत सांगत. मला ती बाई त्या पुतळ्यावर चिडते ते बरोबर वाटलं, हा तो नाहीच. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ना वं त्याले. माय तं म्हनी ना तो."

मी काही बोलले नाही. त्या रात्री त्यांना कोथिंबिरीची नोट लावून दिली, त्यांनी तीनदा ऐकली. मी बरोबर केलं का, अजून कळत नाही.

अमळनेरकर

सगळ्यात जुनी सांगतो, ट्वायलाईट झोनचा १९६० चा भाग, मेपल स्ट्रीटचा. एका गल्लीतली वीज जाते, गाड्या बंद पडतात, एक पोरगा म्हणतो परग्रहावरचे आपल्यातच लपलेत आणि अंधार पडेपर्यंत शेजारी शेजाऱ्यावर उठतो, एकाला गोळी लागते. परग्रहवाले टेकडीवरून बघताहेत, वीज चालू-बंद करण्यापलीकडे त्यांना काही करावंच लागत नाही.

लाईट जाण्याची आपल्याला काय नवलाई. पण २०२० मध्ये आमच्या गल्लीत एका घराला पत्रे लागले आणि दोन दिवसांत आम्ही सगळ्यांनी त्यांच्या दूधवाल्याला गल्लीत यायला मनाई केली. त्या घरात सहा महिन्यांचं लेकरू होतं. ठराव मीच मांडला होता, ओट्यावर उभा राहून. त्या घरच्या काकू अजूनही आखाजीला खापराचे मांडे पाठवतात. भाग पाहिला त्या रात्री त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी आधी पाणी दिलं आणि विचारलं, जेवलास का?