मदत हवी आहे: झाडीपट्टीच्या संगीतावरील अंकाचं मुखपृष्ठ

गडचिरोलीतल्या वडसा भागातले आम्ही काही मित्र झाडीपट्टी (पूर्व विदर्भ) नाटकांतलं संगीत, दंडार (इथलं लोकनाट्य) आणि खंजिरी भजन यांवर छोटा अंक काढतोय. वाचक म्हणजे कॉलेजची पोरं. ए-फोर कागद दुमडून 16 पानं, मुखपृष्ठ रंगीत, आत काळं-पांढरं. याहून जास्त खर्च झेपत नाही. शीर्षकाला बालू, मजकुराला मुक्ता, दोन्ही फॉन्ट मोफत. गाणी ऐकायला क्यूआर कोड आहेत, कलाकारांची परवानगी घेतली आहे.

मुखपृष्ठावर म्हाताऱ्या वादकाचा फोटो टाकून पाहिला, पोरांना ती भजन मंडळाची स्मरणिका वाटली. भडक रंग घेतले, तर नाटकाचं पोस्टर झालं. (ती पोस्टरं मला फार आवडतात, पण अंक वेगळा दिसायला हवा.)

तरुण गायकाचा चेहरा मोठा घ्यावा, की फोटो टाळून खंजिरीचं रेखाचित्र आणि ठळक अक्षरं? अन् क्यूआर कोड मुखपृष्ठावरच द्यावा का?