मदत हवी आहे: पोस्टग्रेस 17 ची रेपो टाकली, पण ॲप्ट अपडेट अडतंय

हुप्प्या: मंडळी, दोन तास डोकं आपटतोय. पोस्टग्रेस डेटाबेसची रेपो (पॅकेजं जिथून उतरतात ती जागा) टाकली, एका ब्लॉगवरच्या ओळी जशाच्या तशा चिकटवल्या, तरी ॲप्टच्या (पॅकेजं टाकणाऱ्या साधनाच्या) अपडेटला एरर. उद्या सकाळी डेटाबेस हलवायचाय. लवकर सांगा.

गवतीचहा: उबुंटू कुठलं? एरर अख्खी टाका.

हुप्प्या: उबुंटूच हो, लेटेस्ट. 404, म्हणजे सापडत नाही, म्हणतंय.

आडवाटे: पॅकेजची सही तपासायच्या किल्लीची भानगड असणार. ती नोंदवणारं ॲप्ट-की आता मोडीत निघालंय. सरळ रेपोच्या ओळीत ट्रस्टेड=येस लिहा, सगळं गप्प होतं.

गवतीचहा: असले सल्ले देऊ नका हो. सही न तपासता पॅकेज घरात घ्यायचं? आणि 404 चा किल्लीशी काय संबंध? किल्ली नसती तर नो-पबकी ही एरर आली असती.

आडवाटे: माझ्याकडे चार वर्षं चालतंय. कोण येतंय चोरायला!

मोरपंखी: मराठी टायपिंगला आयबस आणि एम17एन टाका, मस्त चालतं.

गवतीचहा: मोरपंखीताई, ते कुणी विचारलं? हुप्प्या, एरर!

हुप्प्या: घ्या. "विल्मा-पीजीडीजी रिलीज डझ नॉट हॅव अ रिलीज फाइल". आता बोला.

गवतीचहा: विल्मा! अहो, हे उबुंटू नाही, लिनक्स मिंट 22 आहे. तुमच्या त्या ओळी मशीनलाच नाव विचारतात, मशीन सांगतं विल्मा, आणि रेपोत त्या नावाचं काहीच नाही. मिंट 22 उभं आहे उबुंटू 24.04 वर, त्याचं नाव नोबल. सोर्सेस-लिस्ट-डी फोल्डरमधली पीजीडीजीची, म्हणजे पोस्टग्रेसच्या रेपोची, फाइल सुडोने (ॲडमिनच्या हक्काने) उघडा, विल्मा खोडून नोबल लिहा. शेपटीचं "-पीजीडीजी" तसंच राहू द्या. मग अपडेट.

हुप्प्या: मिंट म्हणजे उबुंटूच ना शेवटी? मेव्हण्याने टाकून दिलंय.

जुनंखोड: पण 17 च का? 24.04 मध्ये 16 आयतं मिळतं.

हुप्प्या: ऑफिसचा सर्व्हर 17 आहे. इथून डम्प (डेटाबेसची नक्कल) घ्यायला गेलो की ते काढणारं पीजी-डम्प "व्हर्जन मिसमॅच" म्हणून बंद पडतं.

जुनंखोड: हे आधी सांगायचं की! मग सर्व्हर कशाला टाकताय? फक्त पोस्टग्रेसक्यूएल-क्लायंट-17 घ्या, पीजी-डम्प त्यातच येतं. सर्व्हर टाकलात आणि 16 चा आधीच 5432 पोर्टवर बसलेला असेल, तर 17 जाईल 5433 वर. मग उद्या "डेटाबेस रिकामा दिसतोय" म्हणून नवा धागा काढाल.

हुप्प्या: झालं! डम्प सुरू आहे. पण अपडेटच्या खाली "आय386 (32-बिट) सपोर्ट नाही" अशी ओळ येतेय.

गवतीचहा: ओळीच्या सुरुवातीला एन (नोटीस) आहे ना, ई (एरर) नाही? मग नुसती सूचना आहे. खुपत असेल तर रेपोच्या ओळीत चौकटी कंसात आर्च=एएमडी64 घाला, म्हणजे फक्त 64-बिट बघेल.

कोपऱ्यातला: माझ्याकडे मिंट 21 आहे, हीच अडचण. मीही नोबलच लिहू ना?

गवतीचहा: नाही! 21 म्हणजे 22.04, तिथे जॅमी.

आडवाटे: किंवा ट्रस्टेड=येस.