काळाकुट्ट की काळाकुळकुळीत?

विचारणा
६ इंची आरशाची दुर्बीण घरीच करतोय, नळी पीव्हीसी पाइपची. आत शिरलेला बाहेरचा उजेड भिंतीवरून परतू नये म्हणून ती आतून काळी करायला मेनरोडवर रंग घेतला. 'एकदम काळाकुळकुळीत द्या' म्हणालो, त्याने ऑइलपेंट दिला. वाळल्यावर आत टॉर्च मारली तर अख्खी नळी लखलखली! मला हवा तो काळा मराठीत मागायचा कसा?

उत्तर
दुकानदार चुकला नाही. कुळकुळीत म्हटलं की चमक आलीच. न्हायलेली म्हैस काळीकुळकुळीत. केस नि डोळे काळेभोर. तुम्हाला हवा होता काळाकुट्ट, जो आपण अंधाराला लावतो. पंचवटीत काळाराम मंदिराचा दगड पाहा: कोरडा असताना नुसता काळपट, एक सर पडून गेली की कुळकुळीत. दगड तोच, पण वर पाण्याचा गुळगुळीत पापुद्रा चढतो आणि तो उजेड परतवतो. दुकानात मात्र सरळ 'मॅट' म्हणा. 'निस्तेज काळा' मागितलात तर तो तुमच्या तोंडाकडे बघेल.

उत्तर
मॅट आणूनही भागत नाही. फळ्याचा रंग समोरून कुट्ट, तिरका पाहिला की कुळकुळीत. खिडकीजवळच्या बाकावरून फळा चकाकायचा, आठवतं? नळीत उजेड असाच भिंतीला घासून जातो. म्हणून रंग ओला असतानाच लाकडाचा बारीक भुसा भुरभुरवा, वाळला की झटकून वर पुन्हा मॅटचा हात द्या. फोकसर, म्हणजे नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) बसते तो भाग; त्याच्या समोरच्या भिंतीला मी स्टेशनरीतला काळा वेल्वेट पेपर लावलाय, कारण नळीतल्या छोट्या तिरक्या आरशाच्या कडेने नेत्रिकेला तीच भिंत दिसते. त्याची लव उजेड गिळते. (लव! किती दिवसांनी हा शब्द लिहिला.)

उत्तर
आणि त्या नको असलेल्या उजेडाला काय म्हणायचं? 'भटका प्रकाश' वाचलं की मला कुत्रंच दिसतं. तिरीप?

उत्तर
तिरीप कोवळ्या उन्हाची, हवीशी. गल्लीतल्या एलईडीच्या खांबाला तिरीप म्हणवत नाही. मी 'उपरा' म्हणतो. ताऱ्याकडून आरशावर पडून आलेला नाही, तरी नेत्रिकेत घुसलेला.

विचारणारा
उपरा पटला. आज भुसा आणायला सुताराकडे गेलो. 'कशाला हवा?' म्हणाला. म्हटलं, 'नळीची चमक मारायचीय.' त्याने पॉलिशचा डबा पुढे केला.