मॅट्रिजेलचे थेंब टिकत नाहीत, सोमवारच्या आत मदत हवी

आतड्याची_पोर: लॅबमध्ये आतड्याचे चिमुकले नमुने (ऑर्गनॉइड) वाढवतेय. त्यासाठी पेशी मॅट्रिजेलमध्ये, म्हणजे गार असताना पातळ आणि उबेत घट्ट होणाऱ्या जेलमध्ये, मिसळून थेंब टाकते. तिसऱ्यांदा वाया गेलं. काही थेंबांत आधीच गाठी, बाकीचे वरून माध्यम (पेशींचं पोषक द्रव) घातलं की सुटून तरंगतात. सोलापुरात मिळत नाही, पुण्याहून मागवलेली एकच व्हायल उरलीय. काय चुकतंय सांगा की!

जुनी_लॅबवाली: कसल्या पेशी? पिपेटच्या टिप्स गार केल्या होत्यास?

आतड्याची_पोर: उंदराच्या लहान आतड्याच्या क्रिप्ट्स, म्हणजे अस्तरातले मूळपेशी असलेले खळगे. त्यांपासून ऑर्गनॉइड वाढवायची सातो-क्लेव्हर्स या संशोधकांची २००९ची पद्धत. टिप्स नाही केल्या.

जुनी_लॅबवाली: मॅट्रिजेल १० अंशांच्या वर गेलं की जमायला लागतं, आणि आपल्याकडचा एप्रिल! टिप्स, ट्यूब सगळं फ्रीजमध्ये ठेव.

केगावकर: मॅट्रिजेल सोडाच. उंदराच्या कर्करोगाच्या गाठीपासून काढतात, प्रत्येक बॅच वेगळी. कोलॅजन घ्या, मी दोन वर्षं वापरतोय.

जुनी_लॅबवाली: कुठल्या पेशींना?

केगावकर: त्वचेच्या, फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी).

जुनी_लॅबवाली: मग तुमचा अनुभव इथं कसा लागू? क्रिप्टला लॅमिनिन लागतं, ते मॅट्रिजेलमधलं मुख्य प्रथिन. सोमवार तोंडावर असताना तिला नवं जेल शिकवू नका.

अशोक_चौक: मध्येच विचारतो, माफ करा. सासऱ्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. त्यांच्याच पेशींपासून किडनी बनवून देतो म्हणून एकानं तीन लाख मागितलेत. देऊ का?

केगावकर: अशक्य नाही. डॉ. अँथनी अटालांनी अमेरिकेत सात रुग्णांना वाढवलेलं मूत्राशय बसवलं, २००६लाच छापून आलंय.

जुनी_लॅबवाली: अहो, मूत्राशय ही पिशवी आहे! एका किडनीत १० लाखांच्या आसपास नेफ्रॉन (रक्त गाळणारे सूक्ष्म घटक) असतात. लॅबमधली किडनी अजून काही मिलिमीटरची, औषधं तपासायला, आजार समजायला. माणसात बसवायला नाही. दादा, एक रुपयाही देऊ नका. नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) सांगून किडनी प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत नाव घाला, आपला जिल्हा पुण्याच्या झेडटीसीसीखाली (अवयव प्रत्यारोपणाची विभागीय समन्वय संस्था) येतो.

अशोक_चौक: उद्याच जातो. उपकार झाले ताई.

केगावकर: त्यांना पैसे द्या असं मी म्हटलं नव्हतं. असो. जेल वितळवलं कुठं?

आतड्याची_पोर: फ्रीजमध्येच, रात्रभर. हां, परवा रात्री लाइट गेली होती. इनक्युबेटर इन्व्हर्टरवर आहे, फ्रीज नाही.

जुनी_लॅबवाली: हे आधी सांगायचं ना बाळा! थर्माकोलच्या डब्यात बर्फ भर, व्हायल त्यात खुपस आणि डबाच फ्रीजमध्ये ठेव. माध्यम कोमट करून घालतेस ना?

आतड्याची_पोर: नाही, फ्रीजमधून काढून थेट.

जुनी_लॅबवाली: म्हणून सुटतात. थेंब टाकलेस की प्लेट उलटी करून १५ मिनिटं ३७ अंशांवर ठेव, मग ३७ अंशांचं माध्यम कडेनं हळू सोड.

आतड्याची_पोर: रसवंतीवाल्याचा बर्फ चालेल का ताई? रात्री तोच मिळेल.

जुनी_लॅबवाली: चालेल. व्हायल आधी बंद पिशवीत घाल, बर्फाचं पाणी झाकणाला लागू देऊ नकोस.