मदत हवी आहे: १/२४ क्रॉलर तीव्र चढावर डावे पुढचे चाक उचलतो. वजन वाढवावे, गिअर बदलावा की स्प्रिंग?

नमस्कार.

रेडिओवर चालणाऱ्या छोट्या रॉक क्रॉलर गाड्यांची ज्यांनी स्वतः जोडणी किंवा फेरजोडणी केली आहे, अशा मंडळींचा सल्ला हवा आहे. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या गाड्या पळवण्यासाठी नसतात. दगडधोंड्यांवरून माणसाच्या चालण्यापेक्षाही सावकाश, चाक कुठे टेकवायचे याचा विचार करत त्या चढवायच्या असतात. म्हणून मोटरीचा वेग गिअरांनी फार कमी केलेला असतो आणि एका ॲक्सलची दोन्ही चाके एकत्रच फिरतात, म्हणजे एक चाक हवेत गेले तरी दुसऱ्याचा जोर सुटत नाही.

माझ्याकडे ॲक्सिअल कंपनीची एससीएक्स-२४ आहे, म्हणजे खऱ्या गाडीच्या १/२४ आकाराची. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर १३३ मिमी, पोलादी चॅसिस, मूळची ८८ टर्नची ब्रश मोटर आणि दोन सेलची ३५० एमएएचची लायपो बॅटरी. मूळ अवस्थेत ती घरातल्या पुस्तकांच्या ढिगावर आणि बागेतल्या दगडांवर उत्तम चालत होती. मला मात्र ती पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत चालवायची आहे. तिथला बेसाल्ट घट्ट आणि गुळगुळीत फुटलेला आहे, कडा धारदार आहेत आणि खाचांत मुरूम साचलेला असतो. टेकडीच्या उघड्या माथ्यावरचा बारीक छिद्रांचा दगड टायर चांगला धरतो; खाणीतला दगड तसा धरत नाही. तिथे चढायचे तर टायरला एखादी कड सापडावी लागते आणि त्या कडेवर पुरेसा भारही पडावा लागतो.

त्यासाठी टप्प्याटप्प्याने पुढील बदल केले आहेत. सुमारे ५४ मिमी व्यासाच्या मूळ टायरांऐवजी ६२ मिमीचे मऊ टायर बसवले. पुढच्या ॲक्सलवर पितळी नकल (चाक वळवणारा सांध्याचा भाग) आणि पितळी कव्हर, मागच्या ॲक्सलवर फक्त कव्हर. मूळ मोटरीपेक्षा मोठ्या आकाराची ब्रश मोटर, मात्र पिनियन, म्हणजे मोटरीच्या दांड्यावरचे छोटे गिअर, पूर्वीचेच ११ दातांचे. तेल भरता येणारे शॉक ॲब्सॉर्बर, त्यांना मिळालेल्या स्प्रिंगांपैकी सर्वांत मऊ जोडी. स्टिअरिंगसाठी धातूच्या गिअरांचा सर्व्हो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटर). बॅटरी मागच्या ॲक्सलच्या वर, बॉडीच्या आत आडवी ठेवली आहे. बॉडीवर छपराचे कॅरिअरही आहे, कारण गाडी खऱ्या जीपसारखी दिसावी हीसुद्धा माझी इच्छा आहे.

आता अडचणी सांगते. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची अशी की, तीव्र चढावर थ्रॉटल वाढवला की बॉडी उजवीकडे झुकते, डावे पुढचे चाक जमिनीपासून बोटभर उचलले जाते आणि गाडी तिरकी होऊन घसरते. थ्रॉटल सोडला की चाक लगेच खाली येते. दुसरी अडचण म्हणजे दहा-बारा मिनिटांत मोटर इतकी तापते की बोट ठेववत नाही. तिसरी अशी की चालता चालता गाडी मध्येच क्षणभर पूर्ण निपचित पडते आणि मग आपोआप पुन्हा सुरू होते.

ज्या दुकानातून सुटे भाग घेतले, तिथे विचारल्यावर पुढच्या चाकांत अजून पितळ घाला एवढेच सांगण्यात आले. पितळ घालायची माझी तयारी आहे, पण प्रत्येक ग्रॅम सर्व्होलाही वळवावा लागतो आणि मोटरीलाही ओढावा लागतो. म्हणून आधी कारण समजून घ्यावे आणि मग खर्च करावा असे वाटते. पिनियन ९ दातांचे केले तर तिन्ही अडचणी एकदम सुटतील का, हाही माझा प्रश्न आहे.

प्रतिसाद १

तुमच्या तिन्ही अडचणींची कारणे वेगवेगळी असावीत असे वाटते, त्यामुळे त्या एका उपायाने सुटणार नाहीत. पुढे जाण्यापूर्वी कृपया तीन गोष्टी तपासून कळवा.

एक, गाडी निपचित पडते तेव्हा नेमके काय चाललेले असते? स्टिअरिंग वळवताना, विशेषतः पुढचे चाक दगडात अडकलेले असताना, असे होते का? की मोटर तापल्यानंतरच होते?

दोन, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर फक्त पुढची चाके ठेवा, मागची चाके काट्याच्याच उंचीच्या पुस्तकांवर ठेवा आणि वजन लिहून घ्या. मग उलट करा. बॅटरी आणि बॉडी जागच्या जागी असू द्या.

तीन, एक पाट घ्या, त्याला खालच्या बाजूला पातळ लाकडी पट्टी चिकटवा, गाडीची मागची चाके त्या पट्टीला टेकवून ती चढाच्या दिशेने उभी करा आणि पाट हळूहळू उचला. पट्टीमुळे गाडी घसरणार नाही. पुढची चाके पाटावरून सुटतात तो कोन मोबाईलमधल्या कोनमापकावर बघा. मागे हात धरायला विसरू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सविस्तर विचारल्याबद्दल आभार. तपासून लिहीत आहे.

गाडी बंद पडते ती जवळजवळ नेहमी चाक दगडाच्या फटीत अडकलेले असताना स्टिअरिंग वळवले तेव्हाच. मोटर थंड असतानाही तसे होते.

एकूण वजन ४६५ ग्रॅम भरले. त्यापैकी पुढे २५५ आणि मागे २१०. छपराचे कॅरिअर वेगळे काढून तोलले तर १८ ग्रॅम आणि बॅटरी २८ ग्रॅम. पाट ५८ अंशांवर गेल्यावर पुढची चाके सुटली. पुढे जवळपास ५५ टक्के वजन असल्याने भार पुरेसा असेल अशी माझी समजूत होती.

प्रतिसाद २

मापे दिलीत हे फार चांगले केलेत, कारण आता अंदाजाने बोलावे लागणार नाही. मी स्वतः या आकाराच्या गाड्या जोडतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी सर्वांत सोपी अडचण. स्टिअरिंग अडकल्यावर सर्व्हो पूर्ण ताकद लावतो आणि त्या क्षणी भरपूर विद्युतप्रवाह ओढतो. रिसीव्हरला आणि सर्व्होला एकाच लहान सर्किटमधून वीज मिळत असेल, तर व्होल्टेज कोसळते, रिसीव्हर बंद पडून पुन्हा चालू होतो आणि तुम्हाला गाडी निपचित पडल्यासारखी दिसते. ट्रान्समीटरवर स्टिअरिंगची कमाल मर्यादा थोडी कमी करा, म्हणजे चाक पूर्ण वळल्यानंतरही सर्व्हो रेटत राहणार नाही. तरीही थांबले नाही, तर सर्व्होला स्वतंत्र बीईसीवरून (बॅटरीचे व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणाऱ्या छोट्या सर्किटवरून) वीज द्या. याचा गिअरशी काहीही संबंध नाही.

आता मोटरीचे तापणे. ५४ ऐवजी ६२ मिमीचे टायर घातले की तोच दगड चढायला चाकाच्या आसावर सुमारे १५ टक्के जास्त पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. पिनियन तेच राहिल्यामुळे हा सगळा जादा भार मोटरीवर गेला. ब्रश मोटर जवळजवळ थांबलेल्या अवस्थेत रेटत राहिली की बॅटरीतून येणाऱ्या विजेची बहुतेक उष्णताच होते, आणि क्रॉलर तर नेमका त्याच अवस्थेत जास्त वेळ असतो. ११ दातांऐवजी ९ दातांचे पिनियन लावलेत तर वेग साधारण १८ टक्क्यांनी कमी होईल आणि चाकाला तेवढाच पीळ देण्यासाठी मोटरीला पूर्वीपेक्षा तेवढाच कमी जोर लावावा लागेल. मोटर गार राहील आणि थ्रॉटलवर हळू चालवणेही सोपे जाईल. हा बदल जरूर करा. पिनियन लहान झाल्यावर मोटर सरकवून दात पुन्हा जुळवावे लागतात. दोन्ही गिअरांमध्ये पातळ कागदाची पट्टी दाबून स्क्रू आवळा आणि मग पट्टी काढा.

परंतु चाक उचलण्यावर या पिनियनचा काही उपयोग होणार नाही, आणि याच मुद्द्यावर पुष्कळ जण फसतात. ट्रान्समिशनपासून ॲक्सलपर्यंत जाणारा शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो. तो ॲक्सलला ज्या दिशेने पिळतो, त्याच्या उलट दिशेला चॅसिस झुकते. चढ तोच, टायर तोच आणि ॲक्सलमधले गिअर तेच असतील, तर त्या शाफ्टमधून जाणारा पीळही तेवढाच राहतो. मोटरीपाशी तुम्ही कोणतेही पिनियन लावा. तो पीळ कमी करायचा तर गिअरांनी होणारी वेगाची घट ॲक्सलच्या आत किंवा थेट चाकापाशी व्हायला हवी, किंवा टायर लहान हवा. पोर्टल ॲक्सलचा मोठा फायदा हाच आहे. तिथे शेवटची गिअरजोडी चाकाशेजारी असते, त्यामुळे शाफ्ट हलका राहतो, आणि ॲक्सल उंच राहिल्यामुळे लहान टायर घालूनही पोटाखाली जागा उरते. एफएमएस कंपनीच्या एफसीएक्स-२४ या गाडीला असे ॲक्सल मुळातच येतात. तुमच्या गाडीलाही वेगळे घेऊन बसवता येतात, पण तो खर्च सर्वांत शेवटी करावा.

आता तुमच्या ५५ टक्क्यांविषयी. ते सपाटीवरचे माप आहे. तुमच्या आकड्यांवरून गाडीचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलपासून ७३ मिमी पुढे आणि जमिनीपासून सुमारे ४६ मिमी उंच निघतो. ४५ अंशांच्या चढावर हिशेब केला तर पुढच्या दोन्ही चाकांवर मिळून एकूण वजनाच्या जेमतेम १४ टक्के, म्हणजे ६७ ग्रॅम भार उरतो. प्रत्येक चाकावर तेहतीस-चौतीस ग्रॅम. एवढ्या हलक्या चाकाला उचलायला शाफ्टचा थोडासा पीळही पुरतो. मऊ स्प्रिंग त्या पिळाला आवर घालत नाहीत, म्हणून बॉडी झुकताना तुम्हाला स्पष्ट दिसते.

त्यामुळे नवे पितळ घेण्याआधी जे आहे ते हलवा. छपराचे कॅरिअर काढा. हे तुम्हाला आवडणार नाही याची मला कल्पना आहे, पण १८ ग्रॅम एवढ्या उंचीवर ठेवणे या आकाराच्या गाडीला परवडत नाही; दिसण्यासाठी हवेच असेल तर पातळ प्लास्टिकचे दोन-तीन ग्रॅमचे करा. बॅटरी मागून काढून पुढच्या बाजूला, चॅसिसच्या पट्ट्यांच्या मध्ये, शक्य तितकी खाली बसवा. ती १०० मिमी पुढे आणि ३० मिमी खाली गेली, तर पुढच्या चाकांवर आणखी २१ ग्रॅम येतील आणि गुरुत्वमध्य ४२ मिमीच्या आसपास उतरेल. त्याच ४५ अंशांच्या चढावर पुढचा भार मग ८८ ग्रॅम होतो आणि पाटावरचा कोन ६२ अंशांपर्यंत जायला हवा. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

त्यानंतर सस्पेन्शन. शॉक ॲब्सॉर्बर एका टोकाने सोडवा आणि ॲक्सल हाताने तिरका करून बघा. कोणत्याही स्थितीत लिंक (ॲक्सल चॅसिसला जोडणारा दांडा) किंवा शाफ्ट अडकत असेल, तर स्प्रिंग कितीही बदलल्या तरी फरक पडणार नाही. हालचाल मोकळी असेल, तर गाडी भिंतीला टेकवून अगदी हळू थ्रॉटल द्या आणि कोणता कोपरा दबतो ते बघा. वर्णनावरून तो उजवा मागचा असावा. तेवढ्याच कोपऱ्यावर एक पायरी कडक स्प्रिंग लावा, किंवा स्प्रिंगखाली अर्ध्या ते एक मिलिमीटरची चकती घाला. चारही स्प्रिंग कडक करू नका. खडबडीत दगडावर चाकांनी वरखाली व्हायलाच हवे.

दुकानाचा सल्ला अगदीच चूक नाही. पितळाची घनता ॲल्युमिनियमच्या तिप्पट असते, आणि ते चाकात घातले की वजन सर्वांत खाली बसते. पण वर सांगितलेले सगळे झाल्यावरच त्याकडे वळा आणि एका वेळी प्रत्येक चाकात पाच ग्रॅमपेक्षा जास्त घालू नका, नाहीतर सर्व्होची पूर्वीची तक्रार पुन्हा सुरू होईल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

पिनियनने मोटर गार राहते पण चॅसिसचा पीळ तसाच राहतो, हा मुद्दा मला इतका स्पष्ट कुठेच वाचायला मिळाला नव्हता. मनःपूर्वक आभार.

आतापर्यंत झालेले काम असे. कॅरिअर काढले आहे. बॅटरी पुढे नेताना सर्व्होची अडचण आली, म्हणून ती आडवी न ठेवता चॅसिसच्या डाव्या पट्टीलगत उभी बसवली आणि रबरी पट्ट्याने बांधली. पाटावरचा कोन आता ६१ अंश येतो. स्टिअरिंगची मर्यादा कमी केल्यावर गाडीचे बंद पडणे थांबले आहे. ९ दातांचे पिनियन मागवले आहे. भिंतीला टेकवून पाहिल्यावर उजवा मागचा कोपराच दबला, आणि त्या स्प्रिंगखाली चकती घातल्यावर डावे चाक पूर्वीच्या निम्म्यानेच उचलले जाते.

एक शंका उरली आहे. बॅटरी डाव्या बाजूला असल्यामुळे गाडी उभी असताना किंचित डावीकडे झुकलेली दिसते. हा झोक उजवीकडच्या पिळाला उपयोगी पडतो म्हणून तसाच ठेवावा, की आडव्या उतारावर तो घातक ठरेल?

प्रतिसाद २

उभी असताना झोक एक-दोन मिलिमीटरच असेल तर तसाच ठेवा. चढावर त्याचा फायदाच होईल. मात्र गाडी पाटावर आडवी ठेवून डावीकडे आणि उजवीकडे कलंडण्याचे कोन वेगवेगळे मोजा. दोन्हींतला फरक पाच अंशांपेक्षा जास्त आला, तर उजव्या मागच्या चाकात पाच ग्रॅम पितळ घाला. डाव्या स्प्रिंगला हात लावू नका. पिनियन आल्यावर मोटरीचे तापमान पुन्हा बघा. आवरण ७० अंशांच्या खाली राहिले तर ६२ मिमीचे टायर ठेवायला हरकत नाही, अन्यथा ५८ मिमीच्या आसपासचे घ्या. पिळाच्या दृष्टीनेही ते बरे पडतील.